वार सांगते ते

कुंभकोणमहून वीसेक किलोमीटरवर, वेट्टार नदीच्या काठी तिरुकरुकावूर नावाचं गाव आहे. तिथल्या देवीचं नाव गर्भरक्षांबिका. दिवस राहावेत म्हणून इथलं तूप प्रसाद म्हणून घरी नेतात, आणि राहिलेले दिवस सुखरूप भरावेत म्हणून देवीपुढे ठेवलेलं एरंडेल पोटाला लावायला नेतात. स्थळपुराण असं सांगतं, की निध्रुव ऋषी घरी नसताना त्यांची गरोदर पत्नी वेदिका थकून पडली होती. दारात भिक्षेला आलेल्या ऊर्ध्वपाद ऋषींना तिच्याकडून वेळेवर भिक्षा मिळाली नाही. त्यांनी शाप दिला आणि तिचा गर्भ गळू लागला. देवीने तो एका कुंभात घेतला, दिवस पूर्ण होईपर्यंत त्यात वाढवला आणि धडधाकट मूल वेदिकेच्या ओटीत घातलं. याच देवळातल्या मुल्लैवननाथाच्या मातीच्या लिंगाला पाण्याचा अभिषेक होत नाही, पुनुगु नावाचं सुगंधी द्रव्य लावतात. कातडीचे जुनाट आजार असलेले लोक त्याला नवस बोलतात.

तंजावरच्या भोसल्यांच्या राजवटीपासून या मुलखात मराठी घरं आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. आता महाराष्ट्रातूनही कुंभकोणमच्या यात्रेला जाणारी कुटुंबं वाट वाकडी करून तिरुकरुकावूरला जातात. त्यांच्यातल्या एखाद्या बाईच्या पिशवीत ल्युपस या आजाराची फाइल असते, म्हणून हे प्रकरण इथून सुरू केलं.

वेदिकेच्या कथेतल्या गर्भात काहीच खोट नव्हती. त्याला धरून ठेवणारी, पोसणारी जागा तेवढी निकामी झाली होती. ती नीट मिळाल्यावर तोच गर्भ वाढला. ल्युपसमध्ये दिवस वाया जातात तेव्हा बहुतेक वेळा असंच झालेलं असतं. गर्भ चांगला असतो, बिघडते ती त्याला पोसणारी वार. बाळंतपण पार पडणार की नाही, बाळ किती वजनाचं होणार, आईचा रक्तदाब कुठवर चढणार, हे पुष्कळसं वारेवर ठरतं. आणि आपल्याकडे बाळ रडलं की सर्वात आधी दुर्लक्ष होतं ते तिच्याचकडे.

ल्युपस, म्हणजे सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस किंवा डॉक्टरांच्या तोंडी एसएलई, हा शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटण्याचा आजार. पेशींच्या केंद्रकातल्या डीएनएविरुद्ध आणि प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. सांधे दुखतात, केस गळतात, उन्हात गेल्यावर दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा लालभडक होतो. काहींच्या किडनीच्या गाळण्या सुजतात आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. दहा रुग्णांत नऊ बायका असतात आणि आजार डोकं वर काढतो तो बहुधा ऐन तारुण्यात. लग्न, मूल आणि हा आजार असे तिन्ही प्रश्न एकाच वेळी दारात येतात.

पूर्वी डॉक्टर सरळ सांगत, मूल होऊ देऊ नका. त्याला कारण होतं. जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला तर 1960 ते 1965 या काळात ल्युपस असलेल्या बायकांची शंभरातली 43 गरोदरपणं वाया जात होती. 2000 ते 2003 या काळात हा आकडा 17 वर आला. पुढे प्रॉमिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात 385 गरोदर बायकांवर बारकाईने लक्ष ठेवलं गेलं. दिवस राहताना त्यांचा आजार शांत होता किंवा सौम्य होता. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले: त्यांतल्या 81 टक्के बायकांचं बाळंतपण कुठल्याही मोठ्या गुंतागुंतीशिवाय पार पडलं. म्हणून ‘तुला मूल नकोच’ हे सरसकट सांगणं आज अन्यायाचं आहे. पण या आकड्यामागची अट विसरून चालत नाही. आजार शांत किंवा सौम्य असतानाच दिवस राहिले होते. निदान सहा महिने ल्युपस शांत असावा, लघवीतली प्रथिनं आटोक्यात असावीत, मगच दिवस राहू द्यावेत, हा नियम त्यातूनच पक्का झाला. ल्युपसमधल्या बाळंतपणाची तयारी पाळी चुकण्याच्या आधी करायची असते, आणि नेमकी हीच तयारी आपल्या घरांत होत नाही. दिवस राहिले की मग डॉक्टर, अशीच आपली रीत.

वार बाळाच्याच पेशींपासून बनते. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्ध्या किलोची, वीसेक सेंटीमीटर रुंद आणि दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची असते. तिच्या आत फांद्या फुटलेले असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. ते आईच्या रक्तात बुडालेले असतात आणि त्यांच्या आतून बाळाचं रक्त वाहतं. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. मधला पातळ पडदा प्राणवायू, साखर, पाणी आणि टाकाऊ द्रव्यं यांची देवाणघेवाण करतो. हे सगळे अंकुर उलगडून पसरले तर त्यांचं क्षेत्रफळ दहा-बारा चौरस मीटर भरेल.

एवढ्या अंकुरांना आईचं रक्त पोचवण्याचं काम गर्भाशयाच्या भिंतीतल्या मळसूत्री रोहिण्या करतात. कावेरीच्या खोऱ्यात भातशेती करणाऱ्याला ही रचना सांगावी लागणार नाही. खाचरात पाणी यावं ते रुंद तोंडाच्या पाटातून, संथपणे. पाटाचं तोंड अरुंद राहिलं तर पाणी जोराने उसळतं, जवळची रोपं आडवी होतात आणि शेवटचा वाफा कोरडाच राहतो. गरोदरपणाच्या पहिल्या वीसेक आठवड्यांत वारेच्या पेशी या रोहिण्यांच्या भिंतींत शिरतात, तिथला स्नायूंचा थर काढून टाकतात आणि रोहिण्यांची तोंडं कितीतरी पटींनी रुंद करतात. दिवस भरत येतात तेव्हा या वाटेने मिनिटाला सहाशे-सातशे मिलिलिटर रक्त संथपणे अंकुरांवरून वाहत असतं.

ल्युपसमध्ये हे रुंदीकरण अर्धवट राहू शकतं. रोहिण्या अरुंद राहतात, काहींच्या भिंती सुजून मरतात, काहींत गुठळी बसते. मग वारेच्या त्या भागातले अंकुर उपाशी पडतात. उपाशी वार आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते, की आईच्याच रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. हा प्रीएक्लॅम्प्सिया. यातलं एक मुख्य प्रथिन आहे एसफ्लिट-1. ते वाढलं की रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारं पीएलजीएफ हे द्रव्य कमी पडतं. 2003 मध्ये हा दुवा दाखवून देणाऱ्या बोस्टनच्या गटाचे प्रमुख होते अनंत करुमंची. वैद्यकीचं पहिलं शिक्षण त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात घेतलं. पुढे प्रॉमिस अभ्यासातल्या बायकांच्या रक्तात हीच प्रथिनं मोजली गेली आणि बाराव्या ते पंधराव्या आठवड्यातच कुणाची वार अडचणीत येणार याचा अंदाज त्यांवरून येऊ शकतो असं दिसलं. पोट नीट दिसायलाही लागलेलं नसतं तेव्हाची ही गोष्ट.

ल्युपस असलेल्या प्रत्येकीची वार बिघडते असं नाही. मग धोका कोणाला? हे ज्या तपासणीतून उत्तम कळतं तिची हकिगत मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते, म्हणून थोडं थांबून सांगतो.

कावेरीच्या खोऱ्यातल्या शेताबांधांवर घोणस आढळते. तामिळमध्ये तिला कण्णाडि विरियन म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात काम केलेल्या पॅट्रिक रसेल यांनी 1796 मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला; इंग्रजीत घोणशीला त्यांचंच नाव चिकटलं. घोणशीच्या विषात एक विकर असतं. रक्त गोठवण्याच्या साखळीतली आधीची सगळी पावलं ओलांडून ते थेट मधल्या एका घटकाला, फॅक्टर टेनला, जागं करतं. चावलेल्या माणसाच्या अंगात यामुळे हाहाकार उडतो. प्रयोगशाळेत मात्र हेच विष अगदी पातळ करून रक्तद्रवात घातलं तर किती सेकंदांत गोठण होतं ते मोजता येतं.

आता ल्युपस असलेल्या काही बायकांच्या रक्तात फॉस्फोलिपिड या स्निग्ध द्रव्यांवर बसलेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं असतात. गोठण्याच्या क्रियेला फॉस्फोलिपिडचा आधार लागतो. प्रतिपिंडांनी तो अडवला की घोणशीचं विष घालूनही नळीतलं रक्त वेळेवर गोठत नाही. वरून जास्त फॉस्फोलिपिड घातलं की वेळ पुन्हा पूर्ववत होतो. असं झालं की समजायचं, या रक्तात ल्युपस अँटिकोॲग्युलंट आहे. ही चाचणी 1986 मध्ये ज्यांनी मांडली त्यांतलं पहिलं नाव थियागराजन यांचं आहे. निदान पक्कं करायला हीच चाचणी किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण साध्या तापानंतरही अशी प्रतिपिंडं काही काळ दिसू शकतात.

नळीत रक्त उशिरा गोठतं म्हणजे या बाईला रक्तस्राव होईल, असं कोणालाही वाटेल. 1952 मध्ये कॉन्ली आणि हार्टमन यांनी हा प्रकार प्रथम नोंदवला तेव्हाही त्याकडे रक्तस्रावाचा दोष म्हणूनच पाहिलं गेलं. शरीरात घडतं ते उलटं. पायाच्या शिरांत, मेंदूत, फुफ्फुसांत गुठळ्या होतात आणि गर्भ वाया जातात. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलच्या ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 मध्ये ही सगळी लक्षणं एका सूत्रात बांधली. आज त्याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. ल्युपस असलेल्या साधारण तिघींपैकी एकीत ही प्रतिपिंडं सापडतात. ती तीन प्रकारची आहेत, पण गरोदरपणात खरा घात करतो तो घोणशीच्या विषाने पकडला जाणारा प्रकार. प्रॉमिस अभ्यासातल्या, अशी प्रतिपिंडं असलेल्या बायकांत ल्युपस अँटिकोॲग्युलंट असलेल्यांपैकी 39 टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली; ते नसलेल्यांपैकी फक्त 3 टक्क्यांना. एका नळीतल्या काही सेकंदांच्या फरकाने एवढं कळतं.

ही प्रतिपिंडं वारेवरच का तुटून पडतात? वारेच्या अंकुरांवरचं आवरण पेशी एकमेकांत विरघळून तयार होतं. या विरघळण्यात एरवी पेशीच्या आतल्या बाजूला तोंड करून असलेलं फॉस्फोलिपिड बाहेर उघडं पडतं. प्रतिपिंडांना हवी ती जागा तिथे आयतीच मिळते. पूर्वी असा समज होता, की पुढे तिथे गुठळ्या होतात आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. पण गर्भपात झालेल्या बायकांच्या कित्येक वारा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर गुठळ्या थोड्याच असायच्या आणि सूज मात्र भरपूर. न्यूयॉर्कच्या जेन सॅमन आणि गिलेर्मिना गिरार्दी यांनी उंदरांवर याचा छडा लावला. ही प्रतिपिंडं टोचलेल्या उंदरिणींचे गर्भ हेपॅरिनने वाचत होते. पण रक्त तितकंच पातळ करणाऱ्या, हेपॅरिनपेक्षा वेगळ्या औषधांनी वाचत नव्हते. म्हणजे हेपॅरिनचा खरा उपयोग दुसराच होता: ते कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांच्या साखळीला आवरत होतं. जंतू मारण्यासाठी असलेली ही साखळी प्रतिपिंडांच्या इशाऱ्यावर वारेवरच चालून जात होती. 2004 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि वारेकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

ज्या बाईचे तीन-तीन गर्भ गेले तिला घरात काय ऐकावं लागतं ते वेगळं सांगायला नको. ‘हिचं पोटच धरत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातही बोललं जातं आणि तंजावर जिल्ह्यातही. अशा बाईच्या रक्ताची ही एक तपासणी झाली असती तर कित्येकींना रोजची ॲस्पिरिनची छोटी गोळी आणि हेपॅरिनचं इंजेक्शन एवढ्यावर मूल झालं असतं. वारंवार गर्भपात होणाऱ्या भारतीय बायकांमधल्या या प्रतिपिंडांचा अभ्यास मुंबईत केईएम हॉस्पिटलच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने केलेला आहे. ही तपासणी आपल्याकडे होते. सांगणारं कोणी भेटत नाही, हीच खरी अडचण.

डॉक्टरांचीही कसोटी लागते ती विसाव्या आठवड्यानंतर. रक्तदाब चढला, लघवीत प्रथिनं आली, पाय सुजले. हा प्रीएक्लॅम्प्सिया आहे, की ल्युपसने किडनीवर पुन्हा हल्ला केला आहे? दोन्हींचे उपाय परस्परविरोधी. पहिल्यात बाळंतपण हाच खरा इलाज; दुसऱ्यात औषधं वाढवून गरोदरपण पुढे न्यायचं असतं. चूक झाली तर एकतर बाळ विनाकारण सातव्या महिन्यात जन्माला येतं, नाहीतर आईचा जीव धोक्यात येतो. मग बारीकसारीक पुरावे गोळा करायचे. लघवीत लाल पेशी आणि त्यांचे साचे दिसले तर संशय किडनीवर. डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं वाढत असतील आणि कॉम्प्लिमेंटची पातळी घसरत असेल तरीही तिकडेच. गरोदरपणात ही पातळी एरवी वाढते, म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापलेला आकडाही या बाईच्या बाबतीत घसरण असू शकतो. एसफ्लिट-1 आणि पीएलजीएफ यांचं प्रमाण बिघडलं असेल तर दोष वारेकडे जातो. पण या सगळ्याची तुलना करायला आधीचा आकडा हाताशी लागतो. दिवस राहण्याआधी लघवीतून किती प्रथिनं जात होती, हेच फाइलमध्ये नसेल तर उत्तम डॉक्टरही चाचपडतो. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी, ज्यांची कारकीर्द 1798 ते 1832, आपल्या डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं डोळ्याच्या चित्रांसह लिहवून ठेवली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात आजही पाहायला मिळतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबारात जी शिस्त होती ती आपल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या चुरगळलेल्या रिपोर्टांत दिसत नाही. जुना एकही कागद टाकू नये, तारखेनुसार लावून ठेवावा, ही ल्युपसच्या बाईसाठी औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

वार सगळं अडवते असंही नाही. आईची प्रतिपिंडं ती मुद्दाम बाळाकडे पोचवते. त्यासाठी तिच्यात खास ग्राहक प्रथिन असतं, आणि त्यामुळेच नवजात बाळाला आईकडून रोगांविरुद्धचं कवच मिळतं. दुर्दैवाने ती चांगलं-वाईट निवडत नाही. आईच्या रक्तात रो नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर तीही पलीकडे जातात. शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयातल्या विद्युतवाहक तंतूंना ती इजा करतात. सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांदरम्यान बाळाचे ठोके एकाएकी मंदावतात, आणि हा हृदयाचा अडथळा पूर्ण झाला तर बरा होत नाही. अनेक बाळांना पेसमेकर लागतो. एका मुलाला असं झालं असेल तर पुढच्याला होण्याची शक्यता सोळा ते अठरा टक्क्यांवर जाते. काही बाळांच्या अंगावर नुसतं पुरळ उठतं. आईची प्रतिपिंडं सहा-आठ महिन्यांत संपली की तेही जातं. या बाळांना ल्युपस झालेला नसतो. आईची उधारी होती, ती फिटते.

औषधांच्या बाबतीत वार फार हुशारीने वागते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आईच्या रक्तातून वारेत शिरलं की तिथलं एक विकर त्यातलं बहुतेक निष्प्रभ करून टाकतं. बाळापर्यंत जेमतेम दहावा हिस्सा पोचतो. डेक्सामेथासोन मात्र जवळपास जसंच्या तसं पलीकडे जातं. म्हणून आईच्या आजारासाठी पहिलं द्यायचं, आणि बाळाच्या फुफ्फुसांची वाढ घडवायची असेल तेव्हा दुसरं. मायकोफिनोलेट, मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाइड ही औषधं गर्भाला घातक असल्याने आधीच बंद करून अझाथायोप्रिन किंवा टॅक्रोलिमसवर यावं लागतं. मायकोफिनोलेट तर दिवस राहू देण्याच्या किमान सहा आठवडे आधी थांबवायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्याही बदलाव्या लागतात. हे बदल केल्यावर आजार शांत राहतो का, ते पाहायला महिने जातात. सहा महिन्यांच्या नियमाचं हेही एक कारण.

एक गोळी मात्र कधीही थांबवायची नाही: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. हिचं मूळ कोयनेलमध्ये आहे. 1860 च्या दशकात इंग्रजांनी निलगिरीत सिंकोनाची लागवड केली, ऊटीजवळच्या नडुवट्टमला कोयनेलचा सरकारी कारखाना उभा राहिला, तो सगळा खटाटोप हिवतापासाठी होता. 1894 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलचे जोसेफ पेन यांनी ल्युपसच्या रुग्णांना कोयनेल देऊन पाहिलं. 1951 मध्ये मेपॅक्रिन या हिवतापाच्याच दुसऱ्या औषधाने ल्युपसचे रुग्ण सुधारल्याचं प्रसिद्ध झालं, आणि लवकरच प्रयोगशाळेत बनवलेलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वापरात आलं. ते वार ओलांडून बाळाकडे जातं, तरी बाळाला अपाय करत नाही. आईचा आजार सहसा उसळत नाही. ज्यांच्या आधीच्या बाळाला हृदयाचा अडथळा झाला होता अशा 54 गरोदरपणांत दहाव्या आठवड्याच्या आत रोज 400 मिलिग्रॅम दिल्यावर तो पुन्हा होण्याचं प्रमाण 7.4 टक्क्यांवर आलं. हा अभ्यास 2020 चा. त्याच वर्षी कोरोनावर उपाय म्हणून लोकांनी या गोळ्यांचा साठा केला आणि ज्यांना त्या खरोखर लागत होत्या त्या ल्युपसच्या बायका औषधाच्या दुकानांतून रिकाम्या हाताने परतल्या.

पण गोळी थांबते ती टंचाईपेक्षा घरातल्या मायेने. ‘अगं, पोटात बाळ असताना कसल्या गं एवढ्या गोळ्या घेतेस?’ असं सासूबाई म्हणतात, आई म्हणते, शेजारच्या मावशीही म्हणतात. कुणाच्याच मनात वाईट नसतं. मुलगी गोळी सोडते. औषध अंगातून हळूहळू जातं, त्यामुळे पहिले काही आठवडे काहीच बिघडत नाही आणि सगळ्यांना आपलंच बरोबर वाटतं. मग सहाव्या महिन्यात किडनी सुजते. माझी हात जोडून विनंती आहे, की घरातल्या मोठ्या माणसांनाही एकदा डॉक्टरांकडे सोबत न्यावं आणि त्यांच्या समोर या गोळीची माहिती विचारावी. पोटाला देवीचं एरंडेल लावायला कुठलीच आडकाठी नाही. ते पोटात मात्र घेऊ नये, आणि भर दुपारच्या उन्हात प्रदक्षिणा घालू नयेत, कारण ऊन हे ल्युपसला उसळवणारं सर्वांत स्वस्त कारण आहे. धातूंची भस्मं असलेली औषधं किडनी नाजूक असताना घेऊ नयेत, ती कुठल्याही पद्धतीची असोत.

ॲस्पिरिनची छोटी मात्रा बाराव्या आठवड्याच्या सुमारास, सोळाव्याच्या आत सुरू होते. रोहिण्यांचं रुंदीकरण चालू असतानाच तिचा उपयोग. विसाव्या ते चोविसाव्या आठवड्यात गर्भाशयाच्या रोहिणीचा डॉप्लर काढतात. पडद्यावर प्रत्येक ठोक्याला एक उंच शिखर आणि मग उतार दिसतो. निरोगी वारेत उतार सलग असतो. रोहिण्या अरुंद राहिल्या असतील तर उतरणीच्या सुरुवातीलाच एक खाच दिसते. ती दोन्ही बाजूंना असेल तर पुढची सोनोग्राफी लवकर, रक्तदाब घरी रोज, आणि बाळंतपण नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग जिथे आहे तिथेच. कुंभकोणमच्या बाईसाठी याचा अर्थ बहुधा चाळीस किलोमीटरवरचं तंजावर. तामिळनाडूत गरोदरपणाची नोंद गावच्या आरोग्यसेविकेकडे होते आणि क्रमांक मिळतो. त्या पहिल्या नोंदीतच ल्युपस लिहून घ्यावा. रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीत बुडवायची पट्टी ही दोन साधनं कुठल्याही प्राथमिक केंद्रात असतात, आणि ती वेळच्या वेळी वापरली तर पुढची महागडी तपासणी योग्य बाईपर्यंत पोचते.

आणि मग बाळंतपण होतं. बाळ पुसून आईजवळ देतात, नाळ कापतात, काही मिनिटांनी वार पडते. ती पूर्ण आली का एवढं पाहून जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमानुसार पिवळ्या पिशवीत जाते. पूर्वी ती अंगणात पुरत, आता जाळतात. ल्युपस असलेल्या बाईच्या बाबतीत ही वार जाऊ देऊ नये. फॉर्मलिनच्या डब्यात घालून पॅथॉलॉजीत पाठवावी.

तिथल्या टेबलावर काय होतं ते सांगतो. नाळ आणि आवरणं कापून आधी वजन करतात. गरोदरपणाच्या आठवड्यांच्या मानाने ते कमी भरलं तर तीच पहिली खूण. मग लांब सुरीने पावाच्या कापांसारखे सेंटीमीटरभर जाडीचे काप. निरोगी वारेचा काप गडद लाल आणि स्पंजी असतो, बोटाखाली दबतो. ल्युपसच्या वारेत मधेच एखादा पिवळट-पांढरा, घट्ट, पाचरीच्या आकाराचा भाग लागतो. तिथली रोहिणी बंद पडली आणि तेवढे अंकुर मेले. तो ताजा असेल तर काळपट लाल, जुना असेल तर फिकट. त्यावरून वार कधीपासून अडचणीत होती तेही कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली रोहिणीच्या भिंतीत गुलाबी, निर्जीव थर आणि चरबीने फुगलेल्या पेशी दिसतात. अंकुर वयाच्या मानाने लहान आणि अकाली पिकलेले असतात. काही वारांत अंकुरांमधल्या जागेत फायब्रिन साचून ते जखडलेले असतात, काहींत तिथे आईच्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. हे शेवटचे दोन्ही प्रकार पुढच्या गरोदरपणात पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून त्यांची नोंद फार मोलाची. नमुने कसे आणि किती घ्यायचे यावर 2014 मध्ये ॲमस्टरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने पद्धत ठरवून दिली आहे. त्यामुळे कुंभकोणमच्या बाईचा रिपोर्ट मुंबईच्या डॉक्टरांनाही वाचता येतो. गर्भ वाचला नसेल तेव्हा तर ही तपासणी हक्काने मागावी. त्या दुःखात कोणाला सुचत नाही, म्हणून सोबतच्या माणसाने मागावी. आपला गर्भ का गेला याचं उत्तर त्या बाईला मिळायला हवं, आणि त्या उत्तरात बहुधा तिच्या हातून काही चुकल्याचं नसतं.

वार पडल्यावर धोका लगेच संपत नाही. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत गुठळ्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असतं, म्हणून ज्यांना अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं आहेत त्यांचं हेपॅरिन बहुधा तेवढे दिवस चालू ठेवतात. आजार उसळण्याचाही हाच काळ. बाळंतिणीचा थकवा म्हणून तो नजरेआड होतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं. गर्भनिरोधक गोळ्यांपैकी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या या बायकांनी घेऊ नयेत. तांबी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉनची साधनं चालतात. वारेचा रिपोर्ट आला की तो घेऊन संधिवाततज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांकडे एकदा जायचं, ॲस्पिरिन आणि हेपॅरिन पुढच्या खेपेला कधी सुरू करायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्यायचं, आणि तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर लावायचा.